प्लेगचा जंतु आणि प्लेगची वाट

मुंबई-पुण्याच्या प्लेगची आठवण निघाली कीं रँडचा वध, चाफेकर बंधूंची फांशी व लोकमान्य टिळकांवरील राजद्रोहाचा खटला हीं प्रकरणें वाचकांच्या डोळ्यांपुढें प्रथम उभीं राहतात. ह्या प्रकरणांची राजकीय बाजू आजवर पुष्कळांनीं मांडली आहे. ती येथें पुनः मांडण्याचा आमचा विचार नाहीं. प्रस्तुत लेखांत आम्हांस त्याच इतिहासाच्या एका निराळ्या अंगाचा विचार करावयाचा आहे. १८९७ च्या मार्चमध्यें गोरे सोल्जर पुण्याच्या माजघरांत शिरले, त्या वेळीं प्लेगचा जंतु सांपडून पुरीं तीन वर्षेंहि झालीं नव्हतीं. आणि तो जंतु एका देहांतून दुसऱ्या देहांत कोणत्या वाटेनें जातो हें निश्चित ठरावयास आणखी सुमारें अकरा वर्षें लागावयाचीं होतीं. रोगाचें कारण हातीं आलें होतें, रोगाची वाट हातीं आली नव्हती. ह्या दोहोंमधील अंतर राज्यकर्त्यांनीं अनुमानानें भरून काढलें व त्या अनुमानाची किंमत प्रजेनें दिली, असें आमचें मत आहे. तें मत साधार मांडण्याचा हा यत्न आहे.

१. जंतूचा शोध

सांथीचे रोग दूषित हवेपासून किंवा घाणीच्या वाफेपासून उद्भवतात, ही समजूत युरोपांत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सर्वमान्य होती. फ्रान्सांत पाश्चर व जर्मनींत कॉख ह्यांनीं ती मोडून काढिली. कॉखनें १८७६ सालीं गुरांच्या काळपुळी रोगाचा, १८८२ सालीं क्षयाचा व त्यानंतर लौकरच पटकीचा जंतु ओळखून दाखविला. त्याची कसोटी कडक होती. संशयित जंतु त्या रोगाच्या प्रत्येक रोग्यांत सांपडला पाहिजे. तो देहाबाहेर निर्भेळ वाढवितां आला पाहिजे. आणि असा वाढविलेला जंतु निरोगी प्राण्यास टोंचला असतां तोच रोग उत्पन्न झाला पाहिजे. ह्या तीन गोष्टी जुळल्या म्हणजे अमुक रोगाचें अमुक कारण, हें सिद्ध झालें.

१८९४ सालीं हाँगकाँग बंदरांत प्लेग उद्भवला, तेव्हां ह्याच कसोटीनें त्याचा तपास सुरू झाला. कॉखचा जपानी शिष्य कितासातो व पाश्चर संस्थेंत तयार झालेला येर्सिन हे दोघेहि त्या वर्षाच्या जून महिन्यांत तेथें पोंचले. कितासातोस इंग्रज अधिकाऱ्यांनीं सर्व सोयी करून दिल्या. येर्सिनला गवती झोपडींत आपली प्रयोगशाळा थाटावी लागली. दोघांनींहि थोड्या दिवसांच्या अंतरानें जंतु पाहिला. परंतु त्याचें अधिक निर्दोष वर्णन येर्सिनचें ठरलें, व आज शास्त्रांत तो जंतु त्याच्याच नांवानें ओळखला जातो. येर्सिननें आणखी एक गोष्ट केली. शहरांत मरून पडलेले उंदीर त्यानें तपासले व त्यांच्या गाठींतहि त्यास तोच जंतु सांपडला. रोगाच्या प्रसारांत उंदरांचा मोठा भाग असावा, असें त्यानें त्याच वर्षीं लिहून ठेविलें.

येथें वाचकांनीं एक भेद ध्यानांत धरावा. कॉखच्या कसोटीनें गुन्हेगार कोण हें कळतें. तो घरांत कोणत्या दारानें शिरला हें कळत नाहीं. पटकीचा जंतु पाण्यांतून येतो, क्षयाचा श्वासांतून येतो, हिंवतापाचा डांसाच्या सोंडेंतून येतो. जंतु ओळखल्यानें ह्या वाटा आपोआप कळत नाहींत. त्यांचा तपास स्वतंत्रपणें करावा लागतो.

२. मुंबई, १८९६

मुंबईंत मांडवी भागांत डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस हे गोमंतकीय डॉक्टर व्यवसाय करीत असत. १८९६ च्या सप्टेंबरांत त्यांच्याकडे आलेल्या कांहीं रोग्यांच्या तापाचें व गाठींचें लक्षण पाहून त्यांनीं हा प्लेग असल्याचें निदान केलें व ता. २३ सप्टेंबर रोजीं तें जाहीर केलें. मांडवी हा धान्याच्या वखारींचा भाग. तेथें रोग प्रथम दिसावा व त्यापूर्वीं वखारींतून उंदीर पडूं लागावे, ह्यांतील संबंध पुढें सर्वांस उघड दिसला; त्या वेळीं मात्र अधिकाऱ्यांचें लक्ष उंदरांपेक्षां माणसांकडे अधिक होतें.

ऑक्टोबरच्या आरंभीं म्युनिसिपल कमिशनरनें हुकूम काढून रोग्यांस सक्तीनें रुग्णालयांत नेण्याचा व त्यांच्या घरच्या मंडळींस वेगळें ठेवण्याचा अधिकार आपल्या हातीं घेतला. लोकांत भीति पसरली. रुग्णालयांत माणसें मारून त्यांची मोमियाई काढतात, अशा कंड्या उठल्या, व ता. २९ ऑक्टोबर रोजीं गिरणी-कामगारांचा मोठा जमाव आर्थर रोडच्या रुग्णालयावर चालून गेला. दुसरीकडे गटारांतून समुद्राचें पाणी व कार्बोलिक ॲसिड सोडण्याचें काम चाललें होतें. तेणेंकरून जंतु किती मेले हें सांगतां येत नाहीं. गटारांतील उंदीर मात्र घरांत शिरले असावे, असें पुढील काळच्या अभ्यासकांचें म्हणणें आहे. लाखों लोक शहर सोडून आपापल्या गांवीं गेले. १८९१ च्या खानेसुमारींत मुंबईची वस्ती ८,२१,७६४ होती. १९०१ सालीं ती ७,७६,००६ भरली. वाढत्या गिरण्यांच्या शहराची वस्ती दहा वर्षांत अशी घटावी, ह्यावरून ह्या आपत्तीचें मान कळून येईल.

३. पुणें, १८९७

ता. ४ फेब्रुवारी १८९७ रोजीं सांथीच्या रोगांचा कायदा मंजूर झाला. त्यानें सरकारास प्रवासी थांबविण्याचे, घरें झडण्याचे व माणसें वेगळीं काढण्याचे जवळजवळ अनिर्बंध अधिकार मिळाले. पुण्यांत त्याची अंमलबजावणी वॉल्टर चार्ल्स रँड ह्या सनदी अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखालील समितीकडे सोंपविण्यांत आली. ता. १३ मार्चपासून ता. १९ मेपर्यंत सोल्जरांच्या तुकड्या घरोघर फिरल्या. रोगी सांपडला कीं त्यास रुग्णालयांत व घरच्या मंडळींस कारंटीनांत धाडावें, अंथरूण-पांघरूण जाळावें, जमिनी उकरून औषधी पाण्यानें धुवाव्या, भिंतींस चुना द्यावा, छपरास भोंकें पाडून उजेड आंत घ्यावा, असा तो क्रम होता. देवघरें व बायकांचीं अंगें ह्यांचाहि मुलाहिजा राहिला नाहीं, अशा तक्रारी वृत्तपत्रांतून आल्या. ता. २२ जून रोजीं गणेशखिंडीच्या रस्त्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. लेफ्टनंट आयर्स्ट जागींच मेला व रँड ता. ३ जुलै रोजीं मरण पावला. सप्टेंबरांत टिळकांस अठरा महिन्यांची शिक्षा झाली. दामोदर हरि चाफेकर ह्यांस ता. १८ एप्रिल १८९८ रोजीं फांशी देण्यांत आली, आणि बाळकृष्ण व वासुदेव ह्या त्यांच्या दोघां बंधूंस १८९९ च्या मे महिन्यांत.

हे सर्व उपाय केवळ दुष्टाव्यानें योजिले गेले असें म्हणणें आम्हांस न्यायाचें वाटत नाहीं. त्यांच्यामागें एक विचारसरणी होती. जंतु रोग्याच्या देहांत आहे. तो त्याच्या मलमूत्रांतून व कफांतून बाहेर पडतो, जमिनीच्या मातींत टिकतो, व अनवाणी चालणाऱ्याच्या पायाच्या भेगांतून आंत शिरतो, असें मानलें जाई. बहुतेक रोग्यांची गाठ जांघेंत येते, ही गोष्ट ह्या मताच्या पुष्टीस दाखविली जाई. हें मत खरें धरलें तर रोगी पकडणें व जमीन उकरणें हेच उपाय ओघानें येतात. दोष असा कीं, तें मत कोणी सिद्ध केलेलें नव्हतें. जंतु रोग्यांत सांपडतो एवढेंच ठाऊक होतें. त्यावरून रोगी हीच रोगाची वाट, असें धरून चालणें म्हणजे तर्कांतील एक पायरी गाळणें होय.

४. डोळ्यांपुढील पुरावा

ह्या मताविरुद्ध जाणारा पुरावा त्याच वेळीं लोकांच्या नजरेसमोर होता. प्लेगच्या रुग्णालयांत अहोरात्र राबणाऱ्या परिचारकांस व रोग्यांजवळ बसणाऱ्या आप्तांस रोग क्वचितच जडे. रोगी हीच मुख्य वाट असती तर हीं माणसें सर्वांच्या आधीं मरावयास हवीं होतीं. दुसरें असें कीं, माणसें आजारी पडण्यापूर्वीं घरांत उंदीर पडतात, हें खेड्यांतल्या अशिक्षित माणसासहि ठाऊक होतें. गढवाल-कुमाऊंच्या डोंगरांत ह्या रोगास ‘महामारी’ म्हणत, व उंदीर मरूं लागले कीं तेथील लोक गांव सोडून जात, अशी नोंद खुद्द इंग्रज अधिकाऱ्यांनींच पूर्वीं करून ठेविली होती. आमच्याकडेहि ‘उंदीर पडले’ हे शब्द कानीं येतांच गांवाबाहेर झोपड्या घालून राहण्याची रीत लौकरच पडली.

ह्या पुराव्याची शास्त्रीय छाननी प्रथम पॉल-लुई सिमाँ ह्या फ्रेंच वैद्यानें केली. येर्सिननें १८९७ सालीं मुंबईंत आपल्या रक्तद्रवाचे प्रयोग केले. ते पुढें चालविण्यासाठीं पाश्चर संस्थेनें सिमाँस धाडलें होतें. मुंबईच्या एका लोंकरीच्या कारखान्यांत एके सकाळीं पुष्कळ उंदीर मेलेले आढळले. ते उचलण्याचें काम वीस मजुरांस देण्यांत आलें, आणि तीन दिवसांत त्यांतील दहा जणांस प्लेग झाला. कारखान्यांतील इतर लोक सुखरूप राहिले. सिमाँनें आणखी पाहिलें कीं, कांहीं रोग्यांच्या पायावर बारीक फोड असतो व त्यांतील द्रवांत प्लेगचे जंतु असतात. त्यावरून त्याचा संशय पिसवांवर गेला. ता. २ जून १८९८ रोजीं कराचीस त्यानें एक साधा प्रयोग केला. मोठ्या कांचेच्या भांड्यांत प्लेगनें आजारी असलेला, पिसवांनीं भरलेला उंदीर ठेविला. तो मरणपंथास लागल्यावर त्याच भांड्यांत तारेच्या पिंजऱ्यांत एक निरोगी उंदीर टांगला. दोघांचा अंगास अंग लागून स्पर्श होणें शक्य नव्हतें. पिसवा मात्र उडून जाऊं शकत होत्या. कांहीं दिवसांनीं दुसरा उंदीर मेला व त्याच्या शरीरांत जंतु विपुल सांपडले. पिसवा नसलेल्या आजारी उंदराजवळ ठेविलेले उंदीर निरोगी राहिले.

ह्याच सुमारास फोर्मोसा बेटांत ओगाता ह्या जपानी शास्त्रज्ञानेंहि पिसवांत प्लेगचे जंतु पाहिले होते. परंतु १८९८ सालीं प्रो. फ्रेझर ह्यांच्या अध्यक्षतेखालीं नेमलेल्या प्लेग कमिशननें सिमाँचें म्हणणें ग्राह्य मानलें नाहीं. येथें आमच्या मुद्द्याचें मर्म आहे. १८९७ सालचें अज्ञान क्षम्य होय. १८९८ नंतर पुरावा पुढें असतां तो बाजूस सारणें तितकें क्षम्य नाहीं.

सिमाँची बाजू पुढें मुंबईंतच सिद्ध झाली. कॅप्टन ग्लेन लिस्टन ह्यांनीं प्लेग झालेल्या घरांत गिनीपिग सोडून पाहिले. त्यांच्या अंगावर उंदरांच्या पिसवा जमल्या व त्यांपैकीं कांहीं प्लेगनें मेले. १९०४ च्या अखेरीस त्यांनीं हे निष्कर्ष मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीपुढें मांडले. १९०५ सालीं नेमलेल्या नव्या संशोधन मंडळानें परळ येथें हेच प्रयोग मोठ्या प्रमाणावर केले. जमिनीपासून दोन इंचांवर टांगलेल्या पिंजऱ्यांतील प्राणी मेले. दोन फुटांवर टांगलेले, म्हणजे पिसवांच्या उडीबाहेरचे, वांचले. पिसवा नसल्या तर आजारी व निरोगी प्राणी एकत्र घाणींत ठेविले तरी रोग पसरेना. १९०८ पर्यंत मंडळाचे निष्कर्ष स्थिर झाले: माणसांतील गाठीचा प्लेग हा उंदरांतील प्लेगवर अवलंबून असतो, त्यास माणसापर्यंत आणते ती उंदरावरील पिसू, आणि गाठीचा रोगी स्वतः दुसऱ्यास फारसा धोक्याचा नसतो. अस्वच्छतेचा संबंध एवढाच कीं तींत उंदीर वाढतात. पुढें १९१४ सालीं बॅकॉट व मार्टिन ह्यांनीं ह्यांतील यंत्ररचनाहि उलगडली. जंतु पिसवेच्या जठराच्या तोंडाशीं वाढून वाट बुजवितात. शोषलेलें रक्त पोटांत जात नाहीं, भुकेलेली पिसू पुनःपुन्हां चावते, व अडलेलें रक्त जंतूंसह जखमेंत परत ओकते.

५. देहाची तटबंदी

आतां प्रश्न असा येतो कीं, वाट ठाऊक नसतां कांहींच करतां येण्याजोगें नव्हतें काय? ह्याचें उत्तर वाल्डेमार हाफकिन ह्यांच्या कामांत आहे. हाफकिन हे रशियाच्या साम्राज्यांतील ओडेसा येथील ज्यू विद्यार्थी. तेथें ते मेचनिकॉफचे शिष्य होते. रक्तांतील पांढऱ्या पेशी परक्या जंतूंस गिळून टाकतात, हा सिद्धान्त मेचनिकॉफनें मांडला. उलटपक्षीं १८९० सालीं बेरिंग व तोच कितासातो ह्यांनीं दाखविलें कीं, रक्ताच्या द्रवांतहि विषाचा प्रतिकार करणारे गुण उत्पन्न होतात. दोन्ही पक्ष पुष्कळ वर्षें भांडले. आज आपणांस ठाऊक आहे कीं दोघेहि खरे होते. द्रवांतील प्रतिद्रव्य जंतूस चिकटतें व पेशीस तो गिळणें सुलभ होतें.

प्लेगचा जंतु ही तटबंदी कशी फोडतो, हें पुढील संशोधनानें कळलें आहे. पिसवेच्या थंड देहांत त्यावर आवरण नसतें; माणसाच्या रक्ताच्या उबेंत आल्यावर तें चढूं लागतें. आरंभीं पेशी त्यास गिळतात. परंतु कांहीं पेशींत तो जिवंत राहतो, वाढतो, आणि आवरण घेऊन बाहेर पडला म्हणजे मग सहसा गिळला जात नाहीं. पेशी त्यास जवळच्या रसग्रंथींत नेतात, व ती ग्रंथि सुजते. तीच प्लेगची गाठ. पिसू बहुधा पायास चावते, म्हणून गाठ जांघेंत येते. ज्या लक्षणावरून अनवाणी पायाचें मत निघालें, त्याचा खरा अर्थ हा होता.

हाफकिन १८९६ च्या ऑक्टोबरांत मुंबईस आले व ग्रँट मेडिकल कॉलेजांतील लहानशा जागेंत कामास लागले. मांसाच्या काढ्यावर तुपाचे थेंब सोडून त्याखालीं ते जंतु वाढवीत व नंतर उष्णतेनें मारीत. लोकांच्या धर्मभावना दुखावूं नयेत म्हणून पुढें काढ्यासाठीं बकऱ्याचें मांस वापरलें गेलें. मेलेला जंतु रोग करूं शकत नाहीं. परंतु त्याची ओळख देहास पटते व खरा जंतु येण्यापूर्वींच प्रतिकाराची तयारी होते. ता. १० जानेवारी १८९७ रोजीं त्यांनीं ही लस प्रथम स्वतःस टोंचून घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगांत प्लेग शिरला, तेव्हां सुमारें निम्म्या कैद्यांनीं राजीखुषीनें लस घेतली. टोंचलेल्यांत दोघे आजारी पडले व कोणी मेलें नाहीं. न टोंचलेल्यांत बारा आजारी पडले व सहा मेले. ही लस पूर्ण संरक्षण देत नसे, आणि फुफ्फुसाच्या प्लेगवर तिचा प्रभाव भरंवशाचा नव्हता. तरी पण वाट कोणतीहि असो, देहाच्या दाराशीं पहारा बसविणारा हा उपाय होता. आणि त्यासाठीं कोणाच्या माजघरांत शिरावें लागत नव्हतें.

ह्या उपायासहि अपघात घडला. ता. ३० ऑक्टोबर १९०२ रोजीं पंजाबांतील मुलकोवाल गांवीं १०७ लोकांस लस टोंचण्यांत आली व एका बाटलींतून टोंचलेले १९ जण धनुर्वातानें मेले. हाफकिन ह्यांस कामावरून दूर करण्यांत आलें. बाटली उघडतांना चिमटा जमिनीवर पडला होता व तो नीट शुद्ध न करतांच वापरला गेला, ही गोष्ट चौकशींत पुढें आली असतांहि त्यांस दोषमुक्त ठरविण्यास १९०७ साल उजाडलें. परळ येथील ज्या प्रयोगशाळेचा त्यांनीं पाया घातला, तिला १९२५ सालीं त्यांचें नांव मिळालें.

६. उपसंहार

वरील हकीकतीवरून आम्ही तीन गोष्टी काढतों. पहिली, १८९७ च्या उपायांतील एक भाग नकळत योग्य होता: घर रिकामें करणें व पिसवांनीं भरलेलीं अंथरुणें जाळणें. दुसरी, जो भाग लोकांस असह्य झाला, म्हणजे रोग्याची धरपकड व आप्तांपासून ताटातूट, तोच रोगनिवारणाच्या दृष्टीनें बहुतांशीं निरुपयोगी होता. अपवाद फुफ्फुसाच्या प्लेगचा, कारण तो श्वासांतून पसरतो. शिवाय धरपकडीच्या भयानें लोक रोगी लपवूं लागले व मेलेले उंदीर गुपचूप फेकूं लागले. म्हणजे ज्या खुणेनें घर वेळींच सोडतां आलें असतें, तीच खूण नाहींशी झाली. तिसरी, निरोगी माणसांनीं उंदीर पडलेलें घर सोडावें, हा रानांत झोपड्या घालणाऱ्यांचा उपाय शास्त्रास पुढें पटला. ह्याचा अर्थ लोकांचें सर्वच म्हणणें खरें होतें असा नव्हे. लशीविषयींच्या कंड्यांनीं पुष्कळांचे प्राण घेतले. १९२० च्या सुमारापर्यंत हिंदुस्थानांत ह्या सांथीनें सुमारें एक कोटि माणसें नेलीं, हें लक्षांत घेतां दोन्हीं बाजूंच्या चुका जड आहेत.

इतिहासकारास ह्यांतून एक काम निघतें. सरकारी अहवालांत रोग्यांची गणना आहे. उंदीर कोणत्या गांवीं कोणत्या तिथीस पडले, लोक झोपड्यांत केव्हां गेले व परत केव्हां आले, ह्याची नोंद तींत थोडी आहे. ती घरोघरच्या पत्रांत, रोजनिश्यांत व दुकानदारांच्या वह्यांत असण्याचा संभव आहे. उंदीर पडणें व माणसें पडणें ह्यांत संशोधन मंडळास सुमारें दहा ते चौदा दिवसांचें अंतर आढळलें होतें. घर वेळींच सोडण्यास मिळणारी मुदत ती हीच. महाराष्ट्रांतील कोणत्या गांवांनीं ती साधली व कोणत्यांस ती साधूं दिली गेली नाहीं, हें अशा कागदांवरूनच ठरेल. ज्या वाचकांजवळ १८९६ ते १९१८ ह्या काळांतील असे कागद असतील, त्यांनीं ते जीर्ण होण्यापूर्वीं उतरून घ्यावे व प्रसिद्धीस द्यावे, अशी आमची विनंति आहे.